मुंगीचा वेष घेतलेला कोळी: मिरमॅरॅक्नी प्रजाती कशी ओळखावी

मुंगीसारखा दिसणारा कोळी सापडला की त्याला मिरमॅरॅक्नी म्हणून मोकळे होण्याची सवय हौशी निरीक्षकांत सर्रास आढळते. पुष्कळदा हे नाव बरोबरही निघते, पण त्यासाठी दिलेले कारण मात्र चुकीचे असते. मुंगीशी असलेले साम्य हा या प्रजातीचा पुरावा मानता येत नाही, कारण कोळ्यांच्या निरनिराळ्या कुलांनी, एकमेकांशी जवळचे नाते नसताना, स्वतंत्रपणे मुंगीचे रूप उचललेले आहे. खेकडा-कोळ्यांच्या कुलात असे कोळी आहेत, जमिनीवर धावणाऱ्या कोरिनिडी कुलात आहेत, नॅफोसिडी कुलात आहेत आणि उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या साल्टिसिडी कुलात तर अनेक प्रजातींत आहेत. सडपातळ बांधा, बारीक कंबर, मुंगीचा रंग आणि मुंगीची चाल ही लक्षणे या सर्वांना सारखीच लागू पडतात. म्हणजे जी लक्षणे सर्वांत आधी नजरेत भरतात, तीच ओळख पटवण्याच्या कामी सर्वांत कुचकामी ठरतात. येथे वेषापेक्षा वेषाची शिवण पाहावी लागते: कोळ्याच्या मूळ शरीरातून मुंगी कशी घडवली आहे आणि कोणत्या अवयवांना ही नक्कल झाकू शकलेली नाही, हे शोधावे लागते.

मिरमॅरॅक्नी ही साल्टिसिडी कुलातील प्रजाती विल्यम शार्प मॅक्ले यांनी 1839 साली प्रथम वर्णिली. आज तिच्यात दीडशेहून अधिक जाती मानल्या जातात आणि त्यांतील बहुसंख्य आशिया, आफ्रिका व ऑस्ट्रेलिया खंडांच्या उष्ण प्रदेशांत राहतात. साल्टिसिडी हे कोळ्यांचे सर्वांत मोठे कुल असून त्यात सहा हजारांहून अधिक जाती आहेत, आणि त्यांतल्या मुंगीची नक्कल करणाऱ्या प्रजातींमध्ये मिरमॅरॅक्नी सर्वांत मोठी आहे.

नक्कल कशासाठी, याचे उत्तर थोडक्यात देता येते. मुंग्या चावतात, काही डंख मारतात, काही फॉर्मिक आम्लाचा फवारा सोडतात आणि एकीला डिवचले की शंभर धावून येतात, म्हणून पुष्कळ पक्षी, खंडोबाचे किडे आणि मोठे कोळी मुंगीच्या वाटेला जात नाहीत. निरुपद्रवी प्राण्याने उपद्रवी प्राण्याचे रूप घेऊन बचाव साधण्याच्या या प्रकाराला हेन्री वॉल्टर बेट्स यांच्या नावावरून बेट्सीय अनुकृती म्हणतात. त्यांनी तो 1862 साली फुलपाखरांच्या बाबतीत मांडला होता. मुंगीसारख्या दिसणाऱ्या उड्या मारणाऱ्या कोळ्यांचा स्वतंत्र अभ्यास जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकॅम या दांपत्याने 1892 साली प्रसिद्ध केला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती अशी की ही फसवणूक मुंग्यांसाठी नसते. मुंग्या एकमेकींना मुख्यतः वासावरून ओळखतात, त्यामुळे नुसत्या रूपाने त्या भुलत नाहीत. प्रेक्षक असतो तो डोळ्यांनी शिकार हेरणारा शत्रू. म्हणूनच वेषाचा सगळा भर वरून आणि बाजूने दिसणाऱ्या आकारावर असतो, आणि खालची बाजू, तोंडाजवळचे उपांग व जननेंद्रिये यांत कोळ्याची खरी वंशावळ जशीच्या तशी राहिलेली असते.

पहिला प्रश्न अर्थातच हा की समोरचा जीव कोळी आहे की मुंगी. आठ पाय मोजा, हा सल्ला बरोबर असला तरी धावत्या जिवाच्या बाबतीत तो फारसा कामाचा नाही. त्यापेक्षा पुढच्या दोन काड्या कुठून निघतात ते पाहावे. मुंगीच्या शृंगिका डोक्याच्या पुढच्या भागातून निघतात आणि त्यांना कोपरासारखा ठळक बाक असतो. कोळ्याने शृंगिका म्हणून उचललेले पाय डोक्याच्या मागून, शरीराच्या खालच्या कडेतून येतात. दुसरी खूण मानेची. मुंगीचे डोके धडापासून सुटे असते आणि ते ती स्वतंत्रपणे वळवू शकते. कोळ्याचे डोके आणि छाती मिळून शिरोवक्ष नावाचा एकच भाग बनतो व त्यावर एकसंध कवच असते; त्याला बाजूला पाहायचे झाले तर शरीराचा पुढचा सगळा भाग वळवावा लागतो. पोटाच्या टोकाला धागा सोडणारे लहान अवयव दिसले, किंवा दचकल्यावर तो जीव पानावरून धाग्याला लटकून खाली उतरला, तर मग शंकेला जागा उरत नाही.

कोळी ठरल्यावर दुसरा टप्पा डोळ्यांचा, आणि माझ्या मते संपूर्ण ओळखीतला सर्वांत भरवशाचा टप्पा हाच आहे. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या तोंडावर पुढे पाहणारे दोन मोठे, गोल, चकचकीत डोळे असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक मध्यम डोळा, त्यामागे अगदी बारीक अशी एक जोडी आणि आणखी मागे, डोक्याच्या मागच्या कोपऱ्यांवर, चौथी जोडी अशी आठ डोळ्यांची मांडणी असते. ही मांडणी या कुलाची नजर तीक्ष्ण ठेवते आणि कितीही हुबेहूब नक्कल केली तरी ती लपवता येत नाही. मुंगीला मात्र डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक संयुक्त डोळा असतो. मिरमॅरॅक्नीत चौथ्या जोडीच्या डोळ्यांभोवतालचा भाग बहुधा काळा असतो व वरून पाहताना तो मुंगीच्या डोळ्यासारखा भासतो. पण कोळ्याला समोरून पाहिले की ते दोन मोठे डोळे थेट आपल्याकडे पाहत असतात. म्हणून छायाचित्र काढणाऱ्याने समोरून एक तरी चित्र घ्यावे. वरून काढलेली दहा सुंदर चित्रे त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

डोळ्यांवरून कुल निश्चित झाले की मग शरीराच्या आकाराकडे वळता येते. मिरमॅरॅक्नीचे शिरोवक्ष लांबट असते आणि त्याच्या साधारण मध्यावर, शेवटच्या डोळ्यांच्या मागे, एक आडवी खाच असते. या खाचेमुळे पुढचा डोक्याचा भाग आणि मागचा छातीचा भाग वेगळे दिसतात. पुष्कळ जातींत डोक्याचा भाग उंच व वरून सपाट असतो, तेथून पृष्ठभाग एकदम खाली उतरतो आणि छातीचा भाग पुन्हा घुमटासारखा वर येतो. ही उंच-सखल रेषा फक्त बाजूने पाहिल्यावर कळते. काही जातींत खाच खोल असते, तर काहींत ती इतकी उथळ असते की वरून तिचा पत्ताही लागत नाही. जेथे खाच उथळ पडते तेथे नक्कल दुसऱ्या मार्गाने पूर्ण केलेली दिसते: खाचेच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे लहान त्रिकोणी पुंजके असतात. भिंगातून पाहिले तर हे केस काळ्या कवचावर चिकटून बसलेले आणि सगळे एकाच दिशेला झुकलेले दिसतात. दूरून मात्र तेवढा भाग पार्श्वभूमीत विरून जातो आणि तेथे शरीर चिंचोळे झाल्याचा भास होतो.

कंबर हे पुढचे लक्षण. सर्व कोळ्यांत शिरोवक्ष आणि उदर यांना जोडणारा एक देठ असतो, परंतु एरवी तो इतका आखूड असतो की उदराच्या पुढच्या कडेखाली झाकून जातो. मिरमॅरॅक्नीत हा देठ लांब झालेला असून वरून स्पष्ट दिसतो. त्याला लागून उदराचा पुढचा भागही अनेक जातींत निमुळता होतो, आणि काहींत उदराच्या मध्यावर आणखी एक आवळ पडतो, त्यामुळे दोन गाठींची कंबर असलेल्या मुंग्यांचेही रूप साधते. नरांच्या उदरावर पुष्कळदा वरच्या बाजूला कडक, चकचकीत ढाली असतात. छातीच्या खालच्या बाजूची पट्टी लांब व अरुंद असते आणि पाय सडपातळ असतात. ही सर्व लक्षणे उपयोगाची आहेत, पण ती इतर मुंगीसदृश कोळ्यांतही कमी-अधिक प्रमाणात सापडतात, म्हणून केवळ त्यांच्यावर विसंबून प्रजातीचे नाव लिहू नये.

खरा फरक तोंडापाशी पडतो. मिरमॅरॅक्नीच्या प्रौढ नराचे जबडे अवाढव्य असतात. ते खाली न झुकता सरळ पुढे आलेले असतात आणि काही जातींत त्यांची लांबी शिरोवक्षाइतकी किंवा त्याहूनही जास्त भरते. प्रत्येक जबड्याच्या टोकाला विषदंत असतो. तोही जबड्याच्या प्रमाणात लांब असतो आणि मिटलेल्या स्थितीत जबड्याच्या खालच्या बाजूने मागे वळून आडवा पडलेला असतो. दोन नर समोरासमोर आले की दोघेही जबडे बाजूंना फाकवतात, विषदंत बाहेर उघडतात आणि त्या स्थितीत एकमेकांना ढकलतात. त्या वेळी जबड्याच्या आतल्या कडेवरची दातांची रांग नुसत्या भिंगातूनही मोजता येते. या दातांची संख्या, त्यांच्यातील अंतर आणि विषदंतावर एखादा उंचवटा आहे की नाही, यांवरून पुढे जाती वेगळ्या केल्या जातात.

येथे एक शंका कोणालाही येईल. मुंगीचे रूप घेऊन जगणाऱ्या प्राण्याला एवढे मोठे जबडे परवडतात कसे, कारण असे जबडे असलेली मुंगी तर कुठे दिसत नाही? झिमेना नेल्सन आणि रॉबर्ट जॅक्सन या संशोधकांनी याचे उत्तर प्रयोगांतून शोधले. लांब जबड्यांचा नर हा तोंडात काहीतरी धरून निघालेल्या मुंगीसारखा दिसतो, आणि मुंगीला टाळणारे शत्रू त्यालाही टाळतात. मात्र ओझे घेतलेल्या मुंगीचे जबडे अडकलेले असतात व ती चावू शकत नाही, म्हणून मुंग्यांचीच शिकार करणारे काही कोळी अशाच मुंग्या निवडून धरतात, आणि त्यांच्या दृष्टीने हा नर आयते भक्ष्य ठरतो. जबड्यांची दुसरी किंमत खाण्यापिण्यात मोजावी लागते. तांबड्या विणकर मुंग्यांची नक्कल करणाऱ्या प्लॅटॅलिऑइडीस या जातीच्या नराच्या विषदंतात विष वाहून नेणारी नळीच नसते. त्याला भक्ष्य विषाने लुळे करता येत नाही, ते विषदंत खुपसूनच धरावे लागते. मादीच्या पसंतीसाठी आणि नरांच्या झुंजीसाठी एवढी किंमत मोजणारे अवयव निसर्गात विरळ नाहीत, पण वेषाच्या अगदी मध्यभागी बसलेला असा अवयव मात्र विरळाच म्हणावा लागेल.

तरीही लांब जबडे दिसले म्हणजे काम झाले, असे समजू नये. साल्टिकस या प्रजातीच्या नरांचेही जबडे पुढे आलेले असतात. ते अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमुळे ओळखू येतात आणि मुंगीसारखे मुळीच दिसत नाहीत. पाण्याजवळ जाळी विणणाऱ्या टेट्रॅग्नॅथा प्रजातीचे जबडे तर याहून भयंकर दिसतात, पण तिच्या डोळ्यांची मांडणी अगदी निराळी आहे. डोळ्यांवरून साल्टिसिडी कुल, शिरोवक्षावर खाच, वरून दिसणारा देठ आणि पुढे आलेले लांब जबडे, या चारही गोष्टी एकाच प्रौढ नरात सापडल्या, तर व्यापक अर्थाने मिरमॅरॅक्नी म्हणायला हरकत नाही.

मादीची ओळख अधिक नाजूक आहे. तिचे जबडे आखूड आणि मजबूत असतात. त्यांच्या दोन्ही कडांवर अनेक दात असतात, आणि हे ध्यानात घेण्याजोगे आहे, कारण उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या पुष्कळ प्रजातींत मागच्या कडेवर एकच दात असतो. पण दात पाहण्यासाठी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली उलटा ठेवावा लागतो, आणि जिवंत मादीच्या बाबतीत ते शक्य नसते. अशा वेळी पाल्पकडे पाहावे. पाल्प म्हणजे तोंडाच्या दोन्ही बाजूंना असलेली, आखूड पायासारखी उपांगांची जोडी. बहुतेक कोळ्यांच्या माद्यांत ती साध्या बारीक पायासारखीच असते. मिरमॅरॅक्नीच्या मादीत मात्र पाल्पची शेवटची पेरे रुंद आणि चपटी झालेली असतात व त्यांच्या कडेला दाट केस असतात. मादी थांबते तेव्हा ही दोन चपटी पाती ती तोंडासमोर एकमेकांना लागून धरते. त्यामुळे खालचे जबडे झाकले जातात आणि पात्यांची मिळून जी आकृती होते ती मुंगीच्या जबड्यांसारखी दिसते. चालू लागली की पाती किंचित वरखाली हलतात. मादीच्या शोधात असलेल्या निरीक्षकाने सर्वांत आधी हेच टिपून ठेवावे, कारण जिवंतपणी सहज दिसणारे इतके चांगले दुसरे लक्षण तिच्याजवळ नाही.

वर्तनाविषयी एक रूढ समज येथे दुरुस्त करायला हवा. हे कोळी पुढचे पाय सतत वर धरून सहा पायांवर चालतात, असे ठिकठिकाणी लिहिलेले असते. फॉर्मिकॅरिया या जातीच्या हालचाली वेगवान कॅमेऱ्याने टिपून 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की चालताना हा कोळी आठही पाय वापरतो आणि पुढचे पाय शृंगिकांसारखे उचलतो ते मध्येच क्षणभर थांबल्यावर. हे थांबे इतके अल्पकालीन असतात की पाहणाऱ्याला पाय सतत वरच असल्यासारखे वाटते. तो सरळ न जाता नागमोडी चालतो, आणि तीही गंधाच्या वाटेवरून जाणाऱ्या मुंगीची लकब आहे. या प्रजातीचे कोळी आपल्या कुलाच्या मानाने उड्या कमीच मारतात. ते सहसा मुंग्या खात नाहीत व मुंगी अंगावर आली तर बाजूला सरतात. ओळखीत या सवयींचा उपयोग पूरक पुरावा म्हणून होतो, विशेषतः मुंग्या खाणाऱ्या नक्कलकारांपासून वेगळे काढताना.

असाच एक नक्कलकार म्हणजे खेकडा-कोळ्यांच्या कुलातील अमायसिया. तोही तांबड्या विणकर मुंग्यांच्या रंगाचा असतो आणि त्यांच्याच आसपास राहून त्यांची शिकार करतो. पण त्याची नक्कल उलटी आहे: दोन काळे ठिपके त्याच्या उदराच्या मागच्या टोकाकडे असतात व मुंगीचे डोके तेथे असल्याचा भास होतो. प्लॅटॅलिऑइडीस ही जाती याच मुंगीची नक्कल करते, परंतु तिच्यात काळे ठिपके डोक्यावर, योग्य जागी असतात. दोघांना शेजारी ठेवले तर एकाच मुंगीकडे पोहोचण्याच्या दोन पूर्णपणे वेगळ्या वाटा दिसतात. कोरिनिडी कुलातील कॅस्टिॲनायरा प्रजातीचे कोळी जमिनीवर मोठ्या मुंग्यांसारखे धावतात; त्यांचे डोळे लहान, जवळजवळ सारख्याच आकाराचे व दोन ओळींत असतात आणि शिरोवक्ष अंडाकृती असून त्यावर खोल खाच नसते. अमेरिका खंडांतील सिनेमोसिना ही साल्टिसिडी कुलातीलच असल्यामुळे तिच्या बाबतीत डोळ्यांची कसोटी लागू पडत नाही, पण तिच्या नरांना ते अवाढव्य जबडे नसतात.

आता शेवटच्या आणि सर्वांत अवघड टप्प्याकडे येऊ. नराच्या पाल्पच्या टोकाला वीर्य साठवणारा गोल कंद असतो व त्यातून एक केसासारखी बारीक नळी निघते. मिरमॅरॅक्नीत ही नळी कंदाच्या कडेने गोल फिरून साधारण दोन वेढे घेते, आणि त्याखालच्या पेरावर एक वाकडा काटा असतो. ही रचना प्रजातीभर इतकी सारखी असते की प्रजाती ठरवायला ती उत्तम, पण जाती वेगळ्या करायला मात्र पुष्कळदा अपुरी पडते. मादीत याच कामासाठी उदराच्या खालच्या बाजूचे जननद्वार आणि त्याच्या आतल्या नळ्यांची वळणे पाहतात. त्यासाठी तो भाग काढून कॉस्टिक पोटॅशसारख्या द्रावणात पारदर्शक करावा लागतो. फ्रेड वॅनलेस यांनी 1978 साली आफ्रिकेतील जातींची जी विस्तृत फेरतपासणी केली, तिच्यात या अवयवांच्या तपशीलवार आकृत्यांवर भर होता.

2016 साली येझी प्रुशिन्स्की या पोलिश अभ्यासकांनी अशाच लक्षणांच्या आधारे या मोठ्या प्रजातीचे तुकडे पाडले. प्लॅटॅलिऑइडीस ही जाती त्यानंतर मिरमॅप्लाटा या नव्या प्रजातीत गेली आणि टॉक्सियस हे 19व्या शतकातले जुने नाव पुन्हा वापरात आले. आपल्या पिल्लांना दुधासारखा द्रव पाजते म्हणून 2018 साली गाजलेली मॅग्नस ही जाती आज टॉक्सियसमध्ये मोडते. हे विभाजन सर्व अभ्यासकांना सारखे पटलेले नाही, आणि त्याचा व्यावहारिक परिणाम असा की जुन्या पुस्तकात मिरमॅरॅक्नी म्हणून दिलेला कोळी आज दुसऱ्या नावाखाली सापडू शकतो. बर्नच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाकडून चालवली जाणारी जागतिक कोळी-सूची पाहून चालू नाव तपासून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

पिल्लांच्या बाबतीत तर आणखी सावध राहावे. नराचे जबडे लांब होतात ते शेवटची कात टाकल्यावर, आणि जननेंद्रियेही तेव्हाच पूर्ण होतात. त्यापूर्वी नर व मादी जवळजवळ सारखे दिसतात. शिवाय अनेक जातींची पिल्ले प्रौढांपेक्षा वेगळ्या, लहान मुंग्यांची नक्कल करतात, त्यामुळे रंगावरून काढलेले अनुमान हमखास चुकते. संग्रहासाठी नमुना घ्यायचा असेल तर जिवंतपणीच वरून, बाजूने आणि समोरून छायाचित्रे काढावीत, कारण अल्कोहोलमध्ये ठेवल्यावर रंग फिका पडतो. आसपास कोणत्या मुंग्या होत्या त्यांचीही नोंद करावी. अपरिपक्व नमुन्याच्या चिठ्ठीवर जातीचे नाव न लिहिता “मिरमॅरॅक्नी, व्यापक अर्थाने, अपरिपक्व” एवढेच लिहावे, आणि तो जिवंत असेल तर प्रौढ होईपर्यंत सांभाळून मग पुन्हा तपासावा.